टीका हवी, पण वेळेत

नवं पुस्तक आलं, नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग झाला किंवा चित्रांचं प्रदर्शन लागलं, की अनुभवी मंडळींकडून एक सल्ला हमखास मिळतो: कातडी गेंड्याची करा. लोक बोलणारच, कुणाकुणाची तोंडं धरणार, मनावर घेऊ नका. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्याने स्वतः बरंच सोसलेलंही असतं. तरीही लेखन आणि संपादन ही दोन्ही कामं वर्षानुवर्षं करताना माझं मत याच्या उलट होत गेलं आहे. पात्राच्या तोंडचा एखादा शब्द खोटा वाजतो, हे ज्या कानाला कळतं, त्याच कानाला परीक्षणातला बोचरा शब्दही ऐकू येतो. एका आवाजासाठी कान बंद करून दुसऱ्यासाठी उघडा ठेवण्याची सोय माणसाला नाही. ज्याने खरोखरच कातडी जाड करून घेतली, त्याचं लिहिणंही हळूहळू बोथट होतं. त्यामुळे टीका कशी सोसावी, हा प्रश्न मला मन घट्ट करण्याचा वाटत नाही, काम कसं आखावं याचा वाटतो. कुणाचं ऐकायचं, कोणत्या टप्प्यावर ऐकायचं आणि ऐकल्यावर हाताला काय करता येईल, या तीन गोष्टी ठरलेल्या असतील तर कठोरातला कठोर अभिप्राय पचतो. त्या ठरलेल्या नसतील तर साधी नापसंतीही महिनोन् महिने छळते. टीका सर्वांत जास्त जिव्हारी लागते ती करण्यासारखं काही उरलेलं नसताना आली म्हणजे.

छापून आलेलं परीक्षण कुणाला उद्देशून लिहिलेलं असतं, हे आपण सहसा विचारत नाही. ते वाचकासाठी असतं. हे पुस्तक घ्यावं का, हे नाटक पाहावं का, पाहिलं असेल तर जे जाणवलं त्याची संगती कशी लावावी, हे परीक्षक सांगत असतो. त्याची बांधिलकी तिकीट काढणाऱ्याशी आणि त्या कलेच्या एकूण विचाराशी असते. लेखकाला सुधारण्याचं काम त्याने पत्करलेलं नसतं आणि पत्करूही नये, कारण मग त्याला लेखकाच्या मनाची काळजी घेत लिहावं लागेल आणि वाचकाशी खरं बोलता येणार नाही. लेखक मात्र ते परीक्षण दुसऱ्याच्या नावचं पत्र फोडून वाचावं तसं वाचतो आणि त्यात आपल्यासाठी निरोप शोधतो. स्तुती असेल तर प्रमाणपत्र म्हणून जपतो, दोष दाखवले असतील तर शिक्षा म्हणून भोगतो. वास्तविक पुस्तक छापून झालेलं असतं, आता त्यातला एक स्वल्पविरामही हलणार नसतो. लेखकासाठी असलेली टीका निराळी. ती हस्तलिखितावर होते, तालमीत होते, चित्र अजून भिंतीवर चढलेलं नसताना होते. या दोन प्रकारच्या बोलण्यांना आपण एकच नाव दिलं आहे आणि दोन्हींकडून एकच अपेक्षा ठेवली आहे. कलावंताच्या बऱ्याचशा दुःखाचं मूळ मला या गफलतीत दिसतं.

सर्गेई राखमानिनोव या रशियन संगीतकाराचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. १८९७ सालच्या मार्चमध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांच्या पहिल्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. वय तेवीस. संचालन अलेक्सांद्र ग्लाझुनोव यांच्याकडे होतं आणि तालीम अपुरी होती. प्रयोग कोसळला. त्सेझार क्यूई या संगीतकार-समीक्षकाने जहरी परीक्षण लिहिलं. त्यानंतर जवळपास तीन वर्षं राखमानिनोव यांच्या हातून रचनेचं मोठं काम झालं नाही, आणि हयातीत ती सिंफनी त्यांनी पुन्हा वाजू दिली नाही. १९०० साली निकोलाय दाल या डॉक्टरांकडे त्यांचे उपचार सुरू झाले. राखमानिनोव यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, दाल त्यांच्या मनावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बिंबवत होते: तुम्ही नवा कॉन्सेर्टो लिहायला घ्याल आणि ते काम सहज होईल. क्यूई चूक की बरोबर, या वादात डॉक्टर शिरले नाहीत. त्यांनी लक्ष मागच्या निकालावरून पुढच्या कामाकडे वळवलं. त्यातून पियानोचा दुसरा कॉन्सेर्टो झाला आणि तो दाल यांनाच अर्पण केलेला आहे. मला यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. राखमानिनोव यांनी आधी दुसरा आणि तिसरा भाग लिहिला, १९००च्या डिसेंबरात तेवढेच दोन भाग लोकांपुढे वाजवले आणि पहिला भाग त्यानंतर पुरा केला. संपूर्ण कॉन्सेर्टो १९०१ साली सादर झाला. पहिल्या खेपेला पूर्ण झालेलं काम एका रात्री निकालाला लागलं होतं. दुसऱ्या खेपेला अपुरं काम कानांवर घालून मग ते पुरं झालं. सिंफनीची पुढची हकीकतही सांगण्यासारखी आहे. मूळ प्रत हरवली होती. वादकांचे सुटे कागद लेनिनग्राडला सापडले, त्यांवरून ती पुन्हा जुळवली गेली आणि १९४५ साली मॉस्कोत वाजली. राखमानिनोव त्याआधी दोन वर्षं वारले होते.

पहिल्या रात्रीचा निकाल नेमका कशावर दिलेला असतो, हे चेखव यांच्या ‘द सीगल’ या नाटकावरून आणखी स्पष्ट होतं. १८९६ सालच्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात ते प्रथम झालं. तालमी अगदी थोड्या झाल्या होत्या. शिवाय तो प्रयोग एका लोकप्रिय विनोदी अभिनेत्रीच्या गौरवासाठी लावलेला होता, म्हणून प्रेक्षक हसायच्या तयारीने आले होते. भलत्याच ठिकाणी हशा उसळला, हुर्यो उडाली आणि चेखव दुसऱ्या दिवशी शहर सोडून गेले. पुन्हा नाटक लिहायचं नाही, असं त्यांनी पत्रातून कळवलं. दोन वर्षांनी, १८९८च्या डिसेंबरात, मॉस्को आर्ट थिएटरने स्तानिस्लाव्स्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांच्या दिग्दर्शनाखाली, कसून तालमी करून तेच नाटक उभं केलं आणि ते इतकं गाजलं की सीगल हा पक्षी त्या संस्थेचं बोधचिन्ह बनला. पुढे ‘थ्री सिस्टर्स’ आणि ‘द चेरी ऑर्चर्ड’ ही नाटकं त्याच संस्थेने आणली. म्हणजे पीटर्सबर्गच्या प्रेक्षकांनी जी नापसंती दाखवली, ती एका कच्च्या संध्याकाळीवर होती. चेखव यांनी ती आपल्या नाट्यलेखनावरचा निकाल समजून घेतली. मॉस्कोतल्या यशाचं श्रेय चेखव यांच्या जाड कातडीला देता येत नाही. ते श्रेय तालमींचं, म्हणजे प्रेक्षकांआधी एकमेकांच्या चुका काढण्याच्या कष्टाचं आहे.

ही केवळ कलावंतांच्या चरित्रांतून काढलेली समजूत नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या अभ्यासकांनी १९९६ साली अभिप्रायाच्या परिणामांवरचे, तोवर झालेल्या प्रयोगांतले सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने पाहता अभिप्रायामुळे काम सुधारतं, असं दिसलं. पण एकतृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण कलेच्या क्षेत्रात वावरणाऱ्या कुणालाही पटेल: अभिप्रायामुळे माणसाचं लक्ष हातातल्या कामावरून स्वतःकडे वळलं की त्याचा उपयोग कमी होतो. हे प्रयोग कवींवर किंवा नटांवर केलेले नव्हते, त्यामुळे त्यांचं गणित कलेला जसंच्या तसं लावू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. ‘तिसऱ्या प्रकरणात कथा थांबते’ हे ऐकून माणूस तिसरं प्रकरण उघडतो. ‘तुम्हाला कादंबरी पेलत नाही’ हे ऐकून तो आरसा उघडतो, आणि आरशात पाहून कुणाची कादंबरी सुधारलेली नाही. अपुऱ्या कामावर बोलणारा माणूस साहजिकच कामाबद्दल बोलतो, कारण समोर दुरुस्त करण्याजोगं काही असतं. पुऱ्या झालेल्या कामावर बोलताना मात्र बोलणं झटकन माणसाच्या लायकीवर जातं. टीकेची वेळ बदलली की तिचा विषयही बदलतो, तो असा.

मराठी रंगभूमीने ही गोष्ट पद्धत म्हणून बसवलेली आहे. संपूर्ण नाटकाची रनथ्रू झाली की दिवे लागतात, नट रंगमंचावरच मांडी घालून बसतात, हातात संहिता आणि पेन्सिल, आणि दिग्दर्शक वही उघडून नोट्स देऊ लागतो. दुसऱ्या अंकात कप ठेवायला तू विंगेकडे वळतोस, नेमकं तेव्हाच तिचं वाक्य पडतं. पत्र वाचताना पाठ प्रेक्षकांकडे होते. भांडणाच्या प्रसंगात दोघांचा सूर पहिल्याच वाक्याला टिपेला जातो, मग पुढे चढायला जागा उरत नाही. शेवटच्या प्रवेशाआधीचा पॉज आज लांबला. नट मान हलवतो, संहितेच्या कडेला खूण करतो आणि लगेच उठून तेवढी जागा पुन्हा करून पाहतो. अर्ध्या तासात एका नटाचे आठ-दहा दोष सर्वांसमोर निघतात. बाहेर कुणी चारचौघांत असे दोष काढले असते तर अबोला धरला गेला असता. इथे तो धरला जात नाही, कारण प्रत्येक नोट दुरुस्त करता येण्याइतकी लहान असते, ती करायला उद्याची तालीम असते आणि नोट देणाराही त्याच नाटकात बुडालेला असतो. पुण्यात १९६३पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने महाविद्यालयीन मुलांच्या पिढ्यान् पिढ्या याच शिस्तीत वाढवल्या. कॉलेजचे माजी विद्यार्थी तालमीला येऊन बसतात आणि एकांकिकेची चिरफाड करतात. विसाव्या वर्षी असं ऐकून घेऊन त्याच संध्याकाळी प्रवेश पुन्हा बसवायची सवय लागली, की पुढे व्यावसायिक रंगभूमीवरच्या परीक्षणाने माणूस कोलमडत नाही.

लेखकाचं काम एकट्याचं असल्याने त्याला ही तालीम मुद्दाम घडवून आणावी लागते. हस्तलिखित दुसऱ्याला वाचायला देताना ‘कसं वाटलं?’ असा मोघम प्रश्न विचारला, तर उत्तरही मोघम येतं: छान आहे, किंवा काहीतरी कमी पडतंय. दोन्ही उत्तरं निरुपयोगी. त्याऐवजी, जिथे कंटाळा आला तिथे कडेला रेघ मारा, जिथे गोंधळ उडाला तिथे फुली करा, आणि बाकी काही लिहू नका, असं सांगून पाहावं. तीन वाचकांनी वेगवेगळ्या वेळी वाचून एकाच परिच्छेदाशी रेघ मारली असेल, तर तिथे गडबड आहे यात शंका नाही. मात्र गडबड त्याच परिच्छेदात असेल, असं नाही. समजा, कथेत मुलगा परत येतो तेव्हा आई कोरडी वाटते, अशी तक्रार आहे. सूचना येते की आईला रडताना दाखवा. लेखकाने तसं केलं तर प्रसंग आणखी खोटा होतो. दोष बहुधा तीन पानं मागे असतो. मुलगा गेल्यानंतरची वर्षं लेखकाने दोन ओळींत उरकलेली असतात, म्हणून वाचकाच्या मनात आईची वाट पाहणं साठलेलंच नसतं. ते तीन पानं आधी नीट आलं, की आईचं तेच कोरडं वाक्य जिवाला लागतं. संपादनाच्या कामातून हाती आलेला माझा निष्कर्ष असा: वाचक दुखतं कुठे हे बरोबर सांगतो, का दुखतं हे अर्धवट सांगतो आणि औषध बहुतेक वेळा चुकीचं सुचवतो. पहिली गोष्ट मुकाट्याने मान्य करायची आणि तिसरी आदराने बाजूला ठेवायची. मधल्या गोष्टीचा शोध हे लेखकाचं स्वतःचं काम, आणि ते सुरू झालं की अपमान आठवत बसायला सवड राहत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो मराठी साहित्याच्या इतिहासातूनच येतो. काम बाहेर पडण्याआधीच ते जाणकारांच्या हाती दिलं, तर ते जाणकारांच्या साच्यात बसवलं जाणार नाही का? ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करत, कथा परत पाठवून पुन्हा लिहून घेत. मराठी नवकथेच्या आणि नवकवितेच्या घडणीत त्या साक्षेपी संपादनाचा वाटा मोठा आहे. पण त्याच मासिकाचा अंक १९६९ साली तरुण लेखकांनी जाहीरपणे जाळला. त्यांचं म्हणणं होतं की ही अभिरुची एका वर्गाची आहे आणि तिच्या चाळणीतून आमचं जगणं पार होत नाही. हा आरोप निराधार नव्हता. त्या चाळणीबाहेर राहिलेल्या लघुनियतकालिकांमधूनच मराठी कवितेचा फार मोलाचा भाग उभा राहिला. परंतु या लेखकांनी काय केलं, तेही पाहायला हवं. त्यांनी टीकेशिवाय लिहिलं नाही, त्यांनी टीकाकार बदलले. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही मंडळी एकमेकांची पहिली आणि कडक वाचक होती. पन्नासच्या दशकापासून लिहिणाऱ्या कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली निघाला, तो शहाण्यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाकडून. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, ती गोलपिठ्याच्या वस्तीत ढसाळांबरोबर फिरून, न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांना विचारून घेतल्यावर. आपल्या ओळखीच्या मोजपट्टीने कविता मापण्याआधी ती जिथून आली ते पाहायला जाणारा वाचक असा असतो. म्हणून आक्षेपाला माझं उत्तर आहे: पहिला वाचक निवडताना त्याची प्रतिष्ठा बघू नये. आपण जे करू पाहतो आहोत ते त्याला कळलं आहे का, एवढंच बघावं. ते कळलेला माणूस कितीही कठोर असला तरी साचा लादत नाही, तो आपल्याच उद्दिष्टापासून आपण कुठे ढळलो ते दाखवतो.

दुसरा आक्षेप असा, की सगळी टीका अशी अभिप्रायाच्या सभ्य रूपात येत नाही. हे खरंच आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं तेव्हा शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांच्या मनाबद्दल इतकं उघडपणे लिहिणारी ‘विभावरी शिरूरकर’ कोण, याचा शोध घेत महाराष्ट्रात गदारोळ माजला. बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी ते टोपणनाव वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि दुसऱ्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी दिली. बा. सी. मर्ढेकरांवर ‘काही कविता’साठी अश्लीलतेचा खटला झाला, दुर्बोधतेचा आरोप झाला तो वेगळाच. खटल्यातून ते निर्दोष सुटले, पण त्या सगळ्या काळात त्यांचं लिहिणं चालू होतं. १९४८ साली ‘पाणी’ ही कादंबरी आली, १९५१ साली ‘आणखी काही कविता’. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला, आणि नाना फडणवीसांची बदनामी झाल्याच्या ओरड्यात एकोणीस प्रयोगांनंतर खुद्द निर्मात्या संस्थेनेच ते थांबवलं. कलावंतांच्या संचाने थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढली आणि १९७४ साली नाटक पुन्हा उभं केलं. माणसांची रांग हाच पडदा, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्यदिग्दर्शन: हे सगळं तालमीत इतकं घोटलेलं होतं, की बाहेरचं वादळ ओसरल्यावरही नाटक टिकलं. या तिन्ही ठिकाणी समोर आलं त्याला मी टीका म्हणणार नाही. तो दबाव होता. दबावाला उत्तर द्यायला वकील लागतो, संस्था लागते, सोबती लागतात, कधी टोपणनावाचा आडोसा लागतो. तिथे कलावंताने आपल्या कामात खोट शोधत बसू नये. सगळ्यांचं ऐकण्याचा नम्रपणा इथे घातक ठरतो. तसंच उलट, साध्या प्रतिकूल परीक्षणालाही दबाव समजून हुतात्म्याचा पवित्रा घेणारे लेखकही पुष्कळ आहेत, आणि त्यांचं नुकसान जास्त होतं, कारण मग त्यांच्यापर्यंत खरा अभिप्राय पोचणंच बंद होतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रसिद्धीनंतरची टीका वाचकासाठी असते, असं म्हणून लेखक आपली जबाबदारी टाळत नाही का? काही टीका खरोखरच लेखकाला उद्देशून असते. तुम्ही आमच्याबद्दल लिहिलंत आणि चुकीचं लिहिलंत, असं ज्या माणसांबद्दल लिहिलं तीच माणसं सांगतात, तेव्हा तो शैलीचा प्रश्न राहत नाही. मराठी नाटकांत घरगड्याच्या किंवा मोलकरणीच्या तोंडी ग्रामीण बोली घालून तिच्यावर हशे काढण्याची प्रथा फार जुनी आहे. ती बोली ज्यांच्या घरात बोलली जाते त्या प्रेक्षकाला ते खुपलं, तर त्याला ‘कला समजून घ्या’ असं सांगणं हा उर्मटपणा झाला. बाईने, दलित वाचकाने, आदिवासी वाचकाने आपल्या चित्रणावर घेतलेला आक्षेप पुस्तक छापून झाल्यावर आला, म्हणून त्याचं वजन कमी होत नाही. तो आक्षेप म्हणजे लेखकाकडे नसलेली माहिती असते. नाटकात तो पुढच्या प्रयोगापासून अमलात आणता येतो, पुस्तकात पुढच्या आवृत्तीत, आणि तेही शक्य नसेल तर पुढच्या लेखनात. पण इथेही वेळेचा मुद्दा सुटत नाही. हे वाचक आधीच का विचारले गेले नाहीत, हा प्रश्न उरतोच. आपल्या पहिल्या वाचकांच्या वर्तुळात सगळे आपल्याच गल्लीतले, आपल्याच जातीचे आणि आपल्याच वयाचे असतील, तर ही चूक पुन्हा होणार. ज्यांच्या जगण्यावर लिहितो त्यांतलं कुणीतरी हस्तलिखित वाचणारं असावं, ही सौजन्याची बाब नाही, तो कामाचा भाग आहे.

काम बाहेर पडल्यानंतर जे येतं त्याचं काय करायचं, याचं उत्तर यातूनच मिळतं. पूर्वी परीक्षण रविवारच्या पुरवणीत किंवा मासिकात काही आठवड्यांनी यायचं, तोवर लेखकाची उत्कंठा जरा निवलेली असायची. आता प्रयोग सुटतो न सुटतो तोच खिशातल्या फोनवर मतं येऊ लागतात. त्या रात्री ती वाचू नयेत, एवढा साधा नियम मी कुणालाही सांगेन. त्या रात्री माणूस थकलेला असतो आणि कौतुकासाठी आसुसलेला असतो, अशा मनाला दहा चांगल्या शब्दांमधला एक वाईट शब्दच तेवढा ऐकू येतो. परीक्षणं साठवावीत आणि पुढचं काम सुरू झाल्यावर एकत्र वाचावीत. हातात नवं काम असलं की जुन्यावरची टीका माहिती म्हणून वाचता येते. एखादा दोष दोन-तीन अनोळखी लोकांनी, एकमेकांचं न वाचता सांगितला असेल तर तो टिपून ठेवावा. बाकीचं वाचकांचं आपसातलं बोलणं आहे असं समजून सोडून द्यावं. जाहीर उत्तर द्यायचं ते तपशिलाची चूक असेल तेव्हाच, आवडीनिवडीच्या मतभेदाला देऊ नये. यामुळे दुःख होणारच नाही, असा माझा दावा नाही. ज्या कामात जीव ओतला ते कुणाला आवडलं नाही, याचं वाईट वाटणारच आणि वाटावंही. दुःख थोडक्यात आटोपतं, आणि काम थांबत नाही, एवढाच या शिस्तीचा लाभ आहे. माझ्या मते तो पुरेसा आहे.

निंदकाला शेजार द्यावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. मी तिला एवढीच जोड देईन, की शेजारी आपण पारखून घ्यावा आणि घर बांधत असतानाच त्याला बोलवावं. जे लिहितात, गातात, रंगवतात, रंगमंचावर उभे राहतात त्यांनी आपलं काम पुरं होण्याआधी, दुरुस्तीला वाव असताना, निदान तीन माणसांना दाखवावं, आणि त्यांतला एक तरी आपल्या जगाबाहेरचा असावा. आणि जे स्वतः कलावंत नाहीत त्यांनाही एक विनंती. कुणी आपलं कच्चं हस्तलिखित तुमच्या हाती दिलं किंवा तालमीला बोलावलं, तर ‘छान आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नका. ते नीट पाहा आणि कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, कुठे विश्वास बसला नाही, ते स्पष्ट सांगा. मराठीत समारंभांची आणि सत्कारांची कमतरता नाही, असं वेळेवर खरं सांगणाऱ्या वाचकांची आहे.